अकोल्यात १ किलो, चिखलदऱ्यात ९०० ग्रॅम

शाळेत हवेच्या दाबाचा धडा झाला, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. आपल्या अंगावर हवेचा एवढा दाब आहे, तर आपण चिरडून कसे जात नाही? यावर दोन उत्तरं मिळतात. एक, "आपल्याला त्याची सवय झालेली असते." दुसरं, "आतूनही तेवढाच दाब असतो." पहिलं उत्तर साफ चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण अर्धवट. आतला हा दाब आला कुठून आणि तो नेमका बाहेरच्याइतकाच कसा राहतो, हे त्यात कुणी सांगत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे. ती समजून घ्यायला वऱ्हाड ही फार सोयीची जागा आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोला, वर सातपुड्याच्या माथ्यावर चिखलदरा, आणि मधे जागोजागी विहिरी नि बोअर.

१. सतरा टनांचा हिशेब

आधी दाब म्हणजे काय ते ठरवून घेऊ. एखाद्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती जोर पडतो, तो दाब. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढी जागा.

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला जवळजवळ नेमका १ किलो भरतो. समुद्रकिनारी तो थोडा जास्त, म्हणजे १ किलो ३३ ग्रॅम असतो. हिशेबाला इतकं सोपं गाव दुसरं नाही, म्हणून या प्रकरणात अकोलाच धरून चालू.

मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर, म्हणजे १७,००० चौरस सेंटिमीटर असतं. प्रत्येकावर १ किलो, म्हणजे एकूण १७,००० किलो. सतरा टन!

हा आकडा पुस्तकांतून नेहमी दिला जातो आणि वाचणारा दचकतो. माझ्या मते तो दिशाभूल करणारा आहे. सतरा टन डोक्यावर ठेवलेले नाहीत. हवा पोटावर दाबते तशी पाठीवरही दाबते, तळहातावर दाबते तशी हाताच्या पाठीवरही दाबते. समोरासमोरचे हे जोर एकमेकांना फेडतात, म्हणून आपण कुठेही ढकलले जात नाही. तरीही प्रश्न उरतोच. दोन्ही बाजूंनी दाबलेला लिंबू पुढे सरकत नसला, तरी पिळला जातो. आपण का पिळले जात नाही?

२. हा दाब येतो कुठून?

हवेला वजन असतं. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यातली हवा तराजूत घालता आली, तर जवळजवळ ४० किलो भरेल. आपल्या डोक्यावर तर अनेक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे.

हा थर सगळीकडे सारखा दाट नसतो. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवलेली खोली वऱ्हाडात कुणी पाहिली नाही असं होत नाही. वरचा कापूस भुसभुशीत असतो, हात घातला की आत जातो. तळाशी मात्र वरच्या कापसाच्या भाराने तो इतका दडपलेला असतो, की ओढून काढावा लागतो. हवेचंही तसंच आहे. जमिनीजवळची हवा वरच्या हवेच्या भाराने दडपलेली, म्हणून दाट. जसजसं वर जावं तसतशी ती विरळ, आणि दाबही कमी.

हवा असा दाब देते, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते विहिरीच्या पंपांमुळे. इटलीतल्या पंपवाल्यांना ठाऊक होतं, की पाणी ओढणारा पंप कितीही चांगला असो, सुमारे १० मीटरच्या वर पाणी चढत नाही. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमाराला पाण्याऐवजी जड पारा घेऊन पाहिला. तो नळीत ७६ सेंटिमीटरवर थांबला. पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणून उंची साडेतेरा पट कमी. पाण्याला किंवा पाऱ्याला वरून कुणी ओढत नव्हतं. बाहेरची हवा खालून ढकलत होती, आणि तिचा जोर संपला तिथे ते थांबत होते.

फ्रान्समधल्या पास्कालने पुढचा प्रश्न विचारला. हा हवेच्या वजनाचा खेळ असेल, तर डोंगरावर पारा खाली यायला हवा. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, फ्लोरँ पेरिए याने, पुई-द-डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी चढवली. एक नळी खाली गावातल्या मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्यावर एका साधूला लक्ष ठेवायला बसवलं. खालचा पारा जागचा हलला नाही. डोंगरमाथ्यावर मात्र तो आठ सेंटिमीटरहून थोडा जास्त उतरला. एक नळी मुद्दाम खाली ठेवण्याची ही खबरदारी मला या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ती नसती, तर 'त्या दिवशी हवामानच बदललं असेल' असं म्हणायला जागा राहिली असती.

तोच प्रयोग आपल्याकडे केला तर? अकोल्यात पारा सुमारे ७३.५ सेंटिमीटरवर राहील. चिखलदरा १,१०० मीटरच्या थोडं वर आहे, तिथे तो ६६.५ च्या आसपास येईल. किलोच्या भाषेत सांगायचं, तर अकोल्यात १,००० ग्रॅम, अमरावतीत ९९० आणि चिखलदऱ्यात ९०० ग्रॅम.

बातम्यांमधला 'कमी दाबाचा पट्टा' म्हणजे मात्र किती कमी? बहुतेक वेळा पाच-दहा ग्रॅमचा फरक. अकोल्याहून अमरावतीला गेलं तरी तेवढा फरक पडतोच. पाऊस, वावटळ-वादळ आणायला तो पुरेसा असेल, पण अंगाला त्याने काही जाणवत नाही. जूनमध्ये पाऊस येण्याआधी जीव गुदमरतो, तेव्हा "हवेचा दाब वाढला" असं लोक म्हणतात. त्या दिवसांत दाब उलट कमीच असतो. हवेत वाफ भरलेली असते, घाम वाळत नाही, म्हणून तगमग होते.

३. तेलाचा डबा चेपतो, माणूस का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी शाळेतला जुना प्रयोग आठवा. पंधरा किलोच्या तेलाचा चौकोनी पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, त्यात पेलाभर पाणी घालून तोंड उघडं ठेवून खळखळून उकळू द्यायचं. वाफ आतली बहुतेक हवा बाहेर हाकलते. मग डबा आचेवरून खाली उतरवायचा, त्यानंतरच झाकण घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. (झाकण लावलेला डबा आचेवर कधीही ठेवू नये, आणि हा प्रयोग मुलांनी एकट्याने करू नये.) आतली वाफ थिजून पाणी होते, आत जवळजवळ काहीच उरत नाही. डबा कडकड आवाज करत पिचतो. त्याची एक बाजू साधारण २४ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच, म्हणजे ८४० चौरस सेंटिमीटर. अकोल्यात तिच्यावर ८४० किलोंचा जोर पडला.

पण हाच डबा वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात धान्य भरून उभा होता. तेव्हाही बाहेरून ८४० किलोच होते. मग तो तेव्हा का चेपला नाही? कारण आत हवा होती आणि तीही आतून ८४० किलोंनीच रेटत होती. आणि दुकानातून आणला तेव्हा? तेव्हा तो तेलाने भरलेला, सीलबंद होता. तरीही शाबूत. कारण तेल दाबलं जात नाही, ते जितकं दाबावं तितकं उलट रेटतं.

म्हणजे पत्र्याचा पातळ डबा वाचवायच्या दोन युक्त्या आहेत. एक, आतली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली ठेवा. दोन, आत हवाच ठेवू नका, द्रवाने भरून टाका. आपलं शरीर या दोन्ही युक्त्या वापरतं.

आपल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी असतो. रक्त, स्नायू, मेंदू, यकृत, सगळं पाण्याने भरलेलं. पाण्यावर १ किलोचा जादा दाब टाकला, तर लिटरमागे ते किती आकसतं? जेमतेम एक थेंब. साठ किलोच्या माणसात पस्तीस-छत्तीस लिटर पाणी धरलं, तरी सगळं मिळून अर्धा चमचासुद्धा नाही. तेवढं आकसलं की पाणी बाहेरच्याइतकाच जोर लावून उलट रेटतं. आतला दाब 'आणला' कुणी, याचं उत्तर हे आहे: बाहेरच्या हवेनेच. शरीराला तो तयार करावा लागत नाही.

शिवाय द्रवातला दाब सगळ्या दिशांना सारखा पसरतो. हाही पास्कालचाच शोध. त्यामुळे पेशीच्या नाजूक पापुद्र्याच्या आतही १ किलो आणि बाहेरही १ किलो. पापुद्र्याला स्वतः काही पेलावंच लागत नाही. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत २०२२ साली ८,३३६ मीटर खोलीवर एका माशाचं चित्रण झालं. तिथे दाब चौरस सेंटिमीटरला ८०० किलोंहून जास्त. मासा कसा? मऊ, लिबलिबीत, अंगावर कवच नाही की खवले नाहीत. त्याच्या शरीरात हवेची पिशवीच नसते.

राहिल्या आपल्या शरीरातल्या हवेच्या जागा: फुप्फुसं, कानाचा मधला कप्पा, नाकाभोवतीच्या कपाळातल्या आणि गालांतल्या पोकळ्या. यांना पहिली युक्ती लागू. या सगळ्या नाका-घशातून बाहेरच्या हवेला जोडलेल्या आहेत. म्हणून सवयीचा इथे काही संबंध नाही. शरीर दाब सोसतच नाही. त्याला सोसावा लागतो तो फक्त दोन बाजूंच्या दाबांतला फरक. आणि पुढे दिसेल, की तो फार थोडाच सोसतो.

४. डॉक्टरांचं १२०

रक्तदाब १२० म्हणजे पाऱ्याचे १२० मिलिमीटर. पण बाहेरच्या हवेचा दाबच अकोल्यात ७३५ मिलिमीटर आहे, मग रक्ताचा इतका कमी कसा? कारण १२० हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच सांगतो. रक्ताचा पूर्ण दाब ७३५ अधिक १२०, म्हणजे ८५५. चिखलदऱ्यात तोच ६६५ अधिक १२०, म्हणजे ७८५. पूर्ण दाब ७० ने उतरला, तरी डॉक्टर दोन्हीकडे १२० च लिहितील, आणि त्यांचं बरोबरच आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीला फरकच झेलायचा असतो.

५. विहिरीतली मोटर आणि पपईची नळी

वऱ्हाडातल्या खोल विहिरीत डोकावून पाहिलं, तर मोनोब्लॉक मोटर काठावर नसते. आत खाली, पाण्याजवळ एखाद्या टप्प्यावर बसवलेली असते. अकोल्यातली हवा पाण्याला जास्तीत जास्त १० मीटर वर ढकलू शकते, त्यात पाइप आणि फूटव्हॉल्व्हमधली घट गेली की हाती सहा-सात मीटर उरतात. पाणी त्याहून खाली गेलं, की मोटरही खाली न्यावी लागते. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या शेकडो फूट खोल बोअरमध्ये तर ओढण्याचा प्रश्नच नाही. तिथे सबमर्सिबल तळाशी सोडतात, ती पाणी खालून वर रेटते.

आपली छाती हाही एक ओढणारा पंप आहे, फक्त फार दुबळा. शांतपणे श्वास घेताना फुप्फुसातला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम पाऱ्याच्या १ मिलिमीटरने कमी होतो. पाण्याच्या भाषेत सव्वा-दीड सेंटिमीटर. तेवढ्या फरकावर अर्धा लिटर हवा आत येते.

नदीत डुंबणारी पोरं कधीकधी पपईच्या पानाची पोकळ दांडी तोंडात धरून पाण्याखाली श्वास घेऊन पाहतात. तोंड पाण्याच्या पृष्ठभागालगत असेपर्यंत जमतं. थोडं खोल गेलं, की छाती फुगतच नाही. एक मीटर खोलीवर पाणी छातीला चौरस सेंटिमीटरमागे १०० ग्रॅमने जास्त दाबतं आणि नळीतली हवा मात्र वरच्या दाबाचीच असते. धडधाकट तरुण पूर्ण जोर लावून जेवढा फरक निर्माण करू शकतो, तो साधारण इतकाच, आणि तोही क्षणभर. १ किलो दाबाची ज्याला आयुष्यभर जाणीवही नसते, तो माणूस १०० ग्रॅमच्या फरकाशी हरतो. (लांब नळी लावून हे करून पाहू नका. फुप्फुसांना इजा होते.)

६. घाटात कानाला दडे का बसतात?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना दाब सुमारे ८५ ग्रॅमने उतरतो. कानाचा पडदा आठ-नऊ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. त्याच्या मागे हवेचा एक छोटा कप्पा आहे. कप्प्यातून एक बारीक नळी घशाच्या मागच्या बाजूला उतरते. एरवी ही नळी मिटलेली असते. आवंढा गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. नळी उघडलीच नाही, तर घाट संपेपर्यंत त्या पडद्यावर पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा जोर साचेल. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढ्यावर पडदा ताणला जातो आणि ऐकू कमी येतं.

चढताना त्रास कमी होतो, कारण आतली जादा हवा नळीतून आपोआप सुटते. उतरताना खरी पंचाईत. बाहेरचा दाब वाढतो आणि घशाकडचं मऊ तोंड अधिकच मिटतं, ते आपल्याला मुद्दाम उघडावं लागतं. सर्दीने नळी सुजलेली असेल तर आणखी अवघड. म्हणून घाट उतरताना गोळी चघळावी, पाण्याचे घोट घ्यावेत. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावं, गिळण्याने त्याचे कान मोकळे होतात.

विहिरीत सूर मारणाऱ्या पोराचं पाहा. एक परस, म्हणजे माणूसभर, खोल गेलं, की त्याच्या कानावर १८० ग्रॅमचा फरक पडतो. चिखलदऱ्याचा अख्खा घाट दोनदा, आणि तोही दोन सेकंदांत. कान दुखू लागला तर तिथूनच वर यावं.

७. वर, आणखी वर

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणारी आदिवासी मुलं 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. शिखरावरचा दाब १९८१ साली प्रथम प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा तो पाऱ्याचे २५३ मिलिमीटर निघाला. अकोल्याच्या एक तृतीयांशाच्या जवळ. तिथे ही मुलं फुगली नाहीत, त्यांच्या शिरा फुटल्या नाहीत. आतला दाब बाहेरच्याबरोबर उतरत गेला. अडचण निराळीच असते: दाब एक तृतीयांश म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही एक तृतीयांश. म्हणून पाठीवर सिलिंडर घ्यावं लागतं आणि शरीराला आठवडेच्या आठवडे मुरवावं लागतं.

दाब उतरला की पाणी लवकर उकळतं. अकोल्यात ९९ अंशांना, चिखलदऱ्यात ९६ च्या थोडं वर, एव्हरेस्टवर ७१ च्या आसपास. सुमारे १९ किलोमीटर उंचीवर ते ३७ अंशांनाच उकळतं, आणि ३७ हे तर आपल्या अंगाचं तापमान. १४ डिसेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनमध्ये जिम लेब्लांक हा तंत्रज्ञ निर्वात कोठीत अंतराळपोशाखाची चाचणी घेत असताना हवेची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. जिभेवरची लाळ उकळून बुडबुडे येत आहेत, ही त्याची शेवटची आठवण. लगेच हवा भरली आणि तो सुखरूप वाचला. शरीर फुटलं नाही, कारण त्वचा चांगलीच चिवट असते. सोयुझ-११ मधल्या तिघा अंतराळवीरांना मात्र ही संधी मिळाली नाही. ३० जून १९७१ रोजी परतताना झडप उघडली, यानातली हवा निघून गेली आणि अंगात दाबाचा पोशाख नसल्याने तिघेही दगावले.

८. खाली, पाण्यात

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात 'मुंबई हाय'चं तेलक्षेत्र आहे. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल, तळाशी दाब साडेआठ किलो. तळाच्या पाइपलाइनवर पाणबुडे काम करतात, तेव्हा त्यांना तितक्याच दाबाची हवा पुरवली जाते, हेलियम मिसळलेली. आत साडेआठ, बाहेर साडेआठ. छाती चेपत नाही. पण एवढ्या दाबाने वायू रक्तात मुरतो आणि दाब एकदम उतरला तर रक्तात त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हे लोक आठवडेच्या आठवडे जहाजावरच्या दाबाच्या कोठीतच राहतात आणि शेवटी दाब तीन-चार दिवस घेऊन हळूहळू उतरवतात. १९९२ साली फ्रान्समध्ये थिओ मावरोस्टोमोस याने कोठीत ७०१ मीटर खोलीइतका दाब घेतला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सत्तर किलोंहून अधिक.

आता वऱ्हाडातली मंडळीही सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करतात. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्कूबाचं यंत्र आपल्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतं. १० मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर आतली हवा दुप्पट व्हायला पाहते. फुप्फुस फाटायला तर सव्वा मीटर वर येणंही पुरतं. पपईच्या नळीच्या वेळी दाबाचा जो फरक आपल्याला हरवतो, साधारण तोच इथे उलट्या बाजूने काम करतो. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका, वर येताना हळू या आणि श्वास सोडत राहा. आणि सर्दी झालेली असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.